खोडदच्या वाटेवर



रेडिओवरून बोलायचं आणि रेडिओबद्दलच बोलायचं, असा आज योग आहे. फक्त हा रेडिओ जरा वेगळा. त्याला वृत्तनिवेदक नाही, गाणी नाहीत, आणि त्यावरचं प्रक्षेपण कधीकधी शेकडो कोटी वर्षं आधी सुरू झालेलं असतं. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ खोडद नावाचं गाव आहे. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीविषयी आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलं असेल. पण दुर्बिणीत काय दिसतं हे सांगायला मी आलेलो नाही. तो माझा अधिकार नाही. दुर्बीण चालवणारी माणसं आणि तिच्या शेजारी राहणारी माणसं एकमेकांशी काय बोलतात, हे मी गेली काही वर्षं जवळून ऐकतो आहे. त्याबद्दल बोलावं म्हणतो.

मी शास्त्रज्ञ नाही. तळवड्यात माझं लहानसं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी मशीन, एक जुनं लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि चौदा माणसं. चाकणच्या मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे जे पुरवठादार आहेत, त्यांच्याकडून आमच्याकडे जॉबवर्क येतं. मूळ गाव मात्र जुन्नर तालुक्यात, नारायणगावापासून फार लांब नाही. थोरले बंधू तिथे शेती बघतात. घरात लहानथोर सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. त्यामुळे माझं एक पाऊल कारखान्यात आणि एक शिवारात.

आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. २०१९ साली २८ फेब्रुवारी नेमका गुरुवारी आला. हा राष्ट्रीय विज्ञान दिन. सर चंद्रशेखर रामन यांनी १९२८ साली याच तारखेला आपला शोध जाहीर केला होता. या सुमाराला खोडदला दुर्बीण सर्वांसाठी खुली असते, शाळा-कॉलेजच्या मुलांचं विज्ञान प्रदर्शन भरतं आणि आसपासच्या गावांतून माणसं लोटतात. जत्राच म्हणा ना! आमच्या एका सेटरची मुलगी बरेच दिवस मागे लागली होती. म्हटलं, सगळेच जाऊ. एक मिनीबस ठरवली, बायकापोरांसह निघालो. निघोजे, म्हाळुंगे करत चाकणला लागलो आणि तिथून नाशिक रस्ता धरला.

याच रस्त्यावर, चाकणच्या पुढे, राजगुरुनगरला कांदा आणि लसूण संशोधनाची केंद्र सरकारची संस्था आहे. १९९८ साली ती नाशिकहून इथे आली. भीमा सुपर, भीमा शक्ती, भीमा किरण ही कांद्याची वाणं तिथलीच. आप्पा रांगड्या हंगामाला भीमा शक्ती लावतात. या संस्थेत जनतेचा पैसा का घालायचा, असं आप्पांना कुणी विचारलं तर ते चाळीतला कांदा दाखवतील. तिथल्या शास्त्रज्ञांना भाषण करावं लागत नाही, त्यांच्या वतीनं कांदाच बोलतो. त्याच रस्त्यानं आणखी पुढे गेलं की खोडद. तिथेही पैसा जनतेचाच. पण तिथे पिकतं काय, हे शेतकऱ्याच्या हातात ठेवता येत नाही. अवघड काम ते आहे.

फाटकाशी पहिली सूचना मिळाली, मोबाइल बंद करा. नुसता आवाज बंद करून चालणार नाही, फोनच बंद. आमची मंडळी कुरकुरली. तिथल्या एका तरुण संशोधकानं हसत सांगितलं, "समजा, तुमचा मोबाइल चंद्रावर नेऊन ठेवला आणि तिथून कुणाशी तरी बोलत बसलात, तर या दुर्बिणीला तो आकाशातल्या अगदी मोजक्या, सर्वांत ठळक ठिपक्यांपैकी एक दिसेल. आणि तुम्ही तर तो माझ्या दारात घेऊन उभे आहात." फोन पटापट बंद झाले.

आत गेल्यावर माना वर झाल्या त्या झाल्याच. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची. अशा ३० आहेत. त्यातल्या १४ साधारण एक चौरस किलोमीटरच्या परिसरात आणि उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन फाट्यांवर दूरपर्यंत पसरलेल्या. सगळ्यांचे संदेश एकत्र केले की जवळपास २५ किलोमीटर पसाऱ्याची एकच दुर्बीण असल्यासारखं बारीक निरखता येतं.

आमच्या सेटरला मात्र वेगळंच खटकलं. तबकडीतून पलीकडचं आकाश दिसत होतं. "साहेब, ही तर चाळणी आहे. सिग्नल गळून जात नाही?" प्रश्न त्यानं मला विचारला, पण त्या संशोधकानं तो उचलला. त्यानं आधी विचारलं, तुम्ही काम काय करता? सीएनसीवर आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "मग मायक्रॉन तुम्हाला शिकवायला नको. प्रकाशाची लाट साधारण अर्ध्या मायक्रॉनची. म्हणून साध्या दुर्बिणीचा आरसा मायक्रॉनच्याही अंशापर्यंत घासावा लागतो. आम्ही ऐकतो त्या लाटा वीत-दीड वीत ते दोन मीटर लांबीच्या. एवढ्या मोठ्या लाटेला बोटभर भोक दिसतच नाही, तिला ती सलग भिंतच वाटते. घरातल्या मायक्रोवेव्हच्या काचेला जाळी असते ना, तिचंही काम असंच."

सेटर क्षणभर थांबला आणि म्हणाला, "म्हणजे टॉलरन्स सैल आहे."

"बरोब्बर! काही मिलिमीटर इकडेतिकडे चालतं."

त्या एका वाक्यात आमच्या माणसाला दुर्बीण कळली. पुढचं त्यानंच इतरांना समजावलं. पत्र्याची तबकडी केली असती तर वारा अडला असता, वजन वाढलं असतं, खालचा सांगाडा आणि मोटारी दणकट लागल्या असत्या, खर्च कितीतरी पट झाला असता. त्याऐवजी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी, आणि ती ताणून धरणारे दोर. ही कल्पना डॉ. गोविंद स्वरूप यांची. डॉ. भाभांच्या बोलावण्यावरून ते १९६३ साली अमेरिकेतून परत आले. ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या ३२ लहान तबकड्या त्यांनी आधी आपल्या कल्याणला उभ्या केल्या, १९७० साली उटीला मोठी दुर्बीण बांधली आणि मग खोडद. २०२० साली ते पुण्यात वारले. कमी पैशांत काम बसवण्याची त्यांची ही रीत आमच्या वर्कशॉपमधल्या कुणालाही आपली वाटेल.

खोडदच का निवडलं, याची कारणंही तिथे सांगतात. डोंगरांची आड, रेडिओ गोंगाट कमी, अक्षांश सोयीचा. आणि शिवाय पुण्याचे कारखाने आणि कारागीर जवळ. हे शेवटचं कारण ऐकून आमची माणसं एकमेकांकडे बघून हसली. आपलंही नाव यादीत आहे तर!

मग यायचा तो प्रश्न आला. आमचा एक हेल्पर लातूरकडचा. किल्लारीचा १९९३ चा भूकंप त्यानं लहानपणी पाहिलेला, घरातली माणसं गेलेली. त्यानं विचारलं, "यातून भूकंप आधी कळतो का?"

"नाही," संशोधक म्हणाला.

"पाऊस?"

"नाही. तो रडारचा विषय, ते वेगळं."

"मग उपयोग काय याचा?"

मी मनात म्हटलं, आता हा पोरगा गडबडणार. पण तो म्हणाला, "लगेच सांगता येईल असा उपयोग नाही. विश्व बनलं ते मुख्यतः हायड्रोजननं. तो २१ सेंटिमीटर लांबीची लाट सोडतो. विश्व पसरतंय, म्हणून ती लाट वाटेत ताणली जाते, आणि जितकी लांबून येते तितकी जास्त ताणली जाते. ती मोजून आम्ही पूर्वी काय होतं ते बघतो. माणसाला हे कळावं, एवढंच." हेल्परनं मान हलवली. त्याला सगळं पटलं होतं असं नाही. पण परतताना बसमध्ये तो म्हणाला, "खोटं बोलला नाही बरं का."

हे मला महत्त्वाचं वाटलं, कारण उलट अनुभवही गाठीशी होता. काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं आमच्या भागातल्या लघुउद्योजकांना व्याख्यानाला बोलावलं होतं. संस्थेचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. भिंतीवरचे फलक इंग्रजीत, व्याख्यान इंग्रजीत आणि शेवटी फायद्यांची एक लांबलचक यादी. या संशोधनातून औषधं येतील, रोजगार येतील, देश पुढे जाईल. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं आणि मला विचारलं, "चहा केव्हा आहे?" फायदे खोटे होते असं नव्हे, पण ऐकणाऱ्याला विकत घ्यायला बसवल्यासारखं वाटत होतं.

खगोलशास्त्राच्या बाजूनंही असं एक उदाहरण नेहमी दिलं जातं. वाय-फायच्या एका महत्त्वाच्या तंत्राचं मूळ ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांच्या कामात आहे. ते फुटणाऱ्या सूक्ष्म कृष्णविवरांचे संदेश शोधत होते. ती काही सापडली नाहीत, पण विस्कटलेला संदेश नीट करायची जी युक्ती हाती आली, ती पुढे बिनतारी इंटरनेटला उपयोगी पडली. गोष्ट खरी आहे, सांगावी. पण तेवढ्याच आधारावर पैसा मागितला तर उद्या कुणी म्हणेल, मग सरळ वाय-फायवरच खर्च करा, आकाशात कशाला बघता? आपला देश एकूण राष्ट्रीय उत्पन्नातला एक टक्कासुद्धा संशोधनावर खर्च करत नाही. आमचा हेल्पर बिस्किटाचा पुडा घेतो, त्यातही सरकारचा कर असतो. म्हणजे त्या जाळीतली एखादी तार त्याचीही. त्याला कारण खरं सांगावं, एवढा त्याचा हक्क आहे.

आणि खरं कारण काही फिकं नाही. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं स्कियापरेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण आवाज थेट पृथ्वीवर ऐकला तो आपल्या खोडदनं. उतरण्याच्या थोडं आधी तो आवाज थांबला. यान आपटलं होतं. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालं की याच दुर्बिणीनं एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनची लाट टिपली, जी ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाली होती. तेव्हा आपली पृथ्वीच काय, सूर्यही नव्हता. हे आमच्या तालुक्यात ऐकू आलं. मला तर याचा अभिमान वाटतो, आणि यात कुठलंही औषध निघालेलं नाही.

पुण्यात अशा मोकळ्या बोलण्याची परंपरा आहे. डॉ. जयंत नारळीकरांनी १९८८ साली 'आयुका' उभी केली आणि तिच्या आवारात मुलांसाठी 'मुक्तांगण' विज्ञान शोधिका आली. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना नारळीकर सांगत, मला पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही येईल. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा किती घरांतून अशी पिवळी पडलेली कार्डं बाहेर निघाली असतील!

पण श्रोतेहो, कुतूहल असलेल्या मुलाला सांगणं तुलनेनं सोपं. ज्याच्याकडून काही घ्यायचं आहे, त्याला सांगणं अवघड. केरळातल्या थुंबा गावची हकीगत डॉ. कलाम अनेकदा सांगत. अग्निबाण सोडायला जागा हवी होती आणि तिथे कोळ्यांची वस्ती आणि चर्च होतं. डॉ. विक्रम साराभाई बिशपना भेटले. बिशपनी परस्पर होकार दिला नाही. रविवारी प्रार्थनेला जमलेल्या लोकांसमोर त्यांनी विषय ठेवला आणि लोकांनी हो म्हटलं. तिथून पहिला अग्निबाण उडाला तो २१ नोव्हेंबर १९६३ ला. ते चर्च आज अंतराळ संग्रहालय आहे. या हकीगतीत मला साराभाईंइतकेच बिशप मोठे वाटतात, आणि त्यांच्याहून तो समाज, ज्यानं घरदार हलवलं.

आमच्याकडे जमिनीपेक्षा शांतता मागितली गेली आहे. दुर्बिणीच्या आसपास उद्योग आणायचा तर आधी रेडिओ गोंगाटाचा विचार करावा लागतो. तरुण पोरं कामाला तळवडे-चाकणला येतात, त्याला इतर कारणं आहेत, पण हेही एक आहे असं गावात बोललं जातं. त्यात रेल्वेचा विषय आला. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मूळ आराखडा चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा. दुर्बिणीच्या कामाला त्यानं बाधा येईल म्हणून केंद्रानं तो मार्ग बाजूला ठेवला आणि २०२५ मध्ये शिर्डी-अहिल्यानगरकडून जाणारा पर्याय पुढे आला. खेड, आंबेगाव, जुन्नरमधून विरोध उठला. चाकणच्या चौकात रोज तासन् तास अडकणाऱ्या माणसाला ही रेल्वे म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

आप्पांचा फोन आला. "काय रं, तू दरवर्षी पोरं घेऊन जातोस ना त्या दुर्बिणीला? आमची गाडी गेली की तिच्यापायी. आता काय सांगशील?" मला काही सांगता आलं नाही. खरं तर इतक्या वर्षांत आप्पा कधी आत गेलेच नव्हते. तबकड्या रोज लांबून दिसायच्या, तेवढंच. मी म्हटलं, "आप्पा, या खेपेला तुम्हीच चला. मला विचारू नका, त्यांना विचारा."

आप्पा आले. धोतर, टोपी, हातात काठी. फाटकाशी मोबाइल बंद कसा करायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं, नातवानं करून दिला. एका तबकडीपाशी एक मुलगी माहिती देत होती, असेल सव्वीस-सत्तावीसची. तिचं सांगून होईपर्यंत आप्पा थांबले आणि मग म्हणाले, "ताई, आमची रेल्वे तुम्ही अडवली म्हणतात."

आजूबाजूची माणसं गप्प झाली. ती मुलगीही थोडी गोरीमोरी झाली. पण तिनं विषय टाळला नाही. "काका, मार्ग ठरवणं आमच्या हातात नाही. पण त्रास होईल, हे इथल्याच लोकांनी सांगितलं. ते खरं आहे." मग तिनं विचारलं, "घरी रेडिओ लावता? विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर दाबला की त्यात खरखर येते?"

"येते."

"विजेच्या रेल्वेच्या वर तार असते, तिला गाडीचा पट्टा घासत जातो. त्याच्या ठिणग्या उडतात. तीच खरखर, पण कितीतरी मोठी. आणि आम्ही जे ऐकतोय ते त्या खरखरीपुढे काहीच नाही."

आप्पांनी तबकडीकडे पाहिलं. "ही उचलून दुसरीकडं नाही नेता येत?"

"तीस आहेत काका, आणि सगळ्या एकमेकींशी जोडलेल्या. शिवाय एवढी शांत जागा आता सापडणं कठीण आहे."

"बरं. मग आमच्या पोरांनी पुण्याला जायचं कसं?"

ती जरा वेळ थांबली. "याचं उत्तर माझ्याकडे नाही," ती म्हणाली.

आप्पांनी नुसतं "हं" केलं. प्रदर्शनातल्या दोन-तीन टेबलांपाशी थांबले. एका शाळेतल्या पोरानं ठिबकसाठी काहीतरी बनवलं होतं, त्याची बारीक चौकशी केली. दुर्बिणीबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही.

डोळे दाखवायचे होते म्हणून परतताना ते आमच्याबरोबर तळवड्याला यायला निघाले. संध्याकाळी चाकणच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, कडेनं दुचाकी घुसवणारे पहिल्या पाळीचे कामगार. पाऊण तास झाला. माझ्या फोनवर पुतण्याचा फोन आला, आप्पांचा फोन का लागत नाही म्हणून. तो बंदच राहिला होता. मी चालू करून देऊ का म्हटलं, तर म्हणाले, "राहू दे."

मग थोड्या वेळानं बाहेर बघतच म्हणाले, "ती पोरगी नीट बोलली. पण आपण तिच्या दारात गेलो होतो. तिनं आपल्या दारात यायला पाहिजे. एक मेला ग्रामसभा आहे, तिला बोलव. तिच्या मोठ्या साहेबांना बी बोलव. आणि रेल्वेवाल्या कुणाला तरी बोलव. तिच्याकडं नव्हतं ते उत्तर त्यानं द्यावं."

दोन्हीकडे पत्रं पाठवली आहेत. आप्पा दर दोन दिवसांनी फोन करून विचारतात, काय कळलं का?